चार नंबरचा फिल्टर

४ ऑगस्ट २०२४
किळसवाणा प्रकार! वर्षश्राद्धासाठी शंतनूने आपल्या आईची तसबीर करून आणली. सरोजिनीच्या गालांवर देवीचे व्रण होते, बालपणापासूनचे. स्टुडिओवाल्याने एकही शिल्लक ठेवलेला नाही. गाल साबणाच्या वडीसारखे!
"बाबा, फ्रेश दिसतेय ना आई?"
फ्रेश! त्यास स्पष्ट सांगितले — ही तुझी आई नव्हे. तसबीर मी स्वतः करीन.

५ ऑगस्ट
न्हाणीघराच्या खिडकीस काळे कापड ठोकले. तांबडा दिवा अद्याप लागतो. निगेटिव्हचा मोठा फोटो करणाऱ्या एन्लार्जरवरील धूळ पुसली. निगेटिव्ह निवडली — १९९४, गिरगावच्या चाळीतील गॅलरी, कडेचे ऊन.

६ ऑगस्ट
प्रिंट पाहून शिसारी आली. राखाडी, मिळमिळीत. आणि गालांवर व्रण नाहीत! कागदाला दोष दिला, डेव्हलपरच्या रसायनाला दिला. निगेटिव्ह भिंगाखाली धरली, तर व्रण स्वच्छ दिसतात.
मग निगेटिव्हच्या पाकिटाकडे लक्ष गेले. माझेच वळणदार अक्षर : "फिल्टर एक. लेन्सखाली तलम मोजा ताणणे." एक नंबरने काळे-पांढरे बोथट होते, मोज्याने फिल्मचे दाणे पुसट होतात. आणि दाण्यांबरोबर व्रणही! आजही हातांनी सवयीने तेच केले होते.

७ ऑगस्ट
कपाटातून तिचे सर्व प्रिंट काढले. एक्केचाळीस. एकातही व्रण नाहीत. स्टुडिओवाल्याने हे एकदा केले, मी आयुष्यभर केले — वर त्यास कौशल्य म्हटले! व्रण पुसायला तिने सांगितले नव्हते. मी विचारले नव्हते.

८ ऑगस्ट
मोजा कचऱ्यात टाकला. फिल्टर चार, काळे-पांढरे धारदार करणारा. तीन कागद वाया गेले, चौथा साधला. सावल्या काळ्याभोर, दाणे वाळूसारखे खरखरीत, प्रत्येक व्रण जागच्या जागी.
शंतनू चाचरला, "बाबा, हे... लोकांसमोर लावायचं?"
लावायचे.

९ ऑगस्ट
फ्रेम झाली. जुने एक्केचाळीस प्रिंट पाहवत नाहीत.

१० ऑगस्ट
वर्षश्राद्ध पार पडले. तिच्या थोरल्या भगिनी कमलाबाई माटुंग्याहून आल्या होत्या. हार घालताना थबकल्या. म्हणाल्या, "माधवराव, आज प्रथमच तुमच्या फोटोत आमची सरू दिसली. ती हसत विचारायची हो मला — अक्का, ह्यांच्या फोटोतली ती बाई कोण गं? ह्यांचा सगळा जीव तिच्यावरच!"