टेबल टेनिस, पंखा तीनवर

४ जानेवारी
लिहायला बसले, कारण खालच्या मजल्यावरच्या बाईंनी माझ्या मुलीला फोन केला. तुमची आई रोज दुपारी रिकाम्या घरात कुणाशी तरी कडाकडा भांडते, म्हणे. खरं काय ते कुठेतरी नोंदलेलं असावं.
खरं ते असं. माझा खांदा आखडलाय. व्यायाम म्हणून टीव्हीवर टेबल टेनिस खेळते. टीव्हीवर बसवलेला कॅमेरा हात बघतो. आपण हात फिरवला की पडद्यावरची बॅट फिरते. आमचे हे तसेच खेळायचे, उड्या मारत. मी खुर्चीत बसून गेमपॅडची बटणं दाबायची आणि त्यांना हरवायची. नुसत्या अंगठ्यांनी खेळतेस, याला काय खेळ म्हणतात, असं चिडून म्हणायचे. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. गेमपॅड मी कपाटात टाकलाय. केवळ खांद्यासाठी.

६ जानेवारी
कॅमेऱ्याला दोन माणसं दिसतात. दुसरं माणूस म्हणजे स्टँडवर लटकणारा ह्यांचा कोट. पंख्याने बाही हलते आणि प्लेयर टू बॅट मारतो. मी फिजिक्स घेऊन पदवीधर झालेली बाई. कारण कळलं की भीती उरत नाही. जोडीला कुणी असलं की व्यायाम बरा होतो, इतकंच.

७ जानेवारी
पंखा तीनवर. अंगात स्वेटर, पायात मोजे, डोक्याला स्कार्फ. घरात हवा खेळती हवी.
"अहो, मनगट वाकवा!" असं ओरडले, हे खरं. पण ते यंत्राला. यंत्राशीही आदरानेच बोलावं.

१० जानेवारी
उद्यापासून कोट कपाटात. ठरलं म्हणजे ठरलं.

११ जानेवारी
कपाटात कोंदट वास लागेल. कोट स्टँडवर.

१२ जानेवारी, दुपारी
पंखा लावायचा राहिला, तरी प्लेयर टूने दोन चेंडू परतवले. खिडकीतून वारा आला असणार. खिडकी बंद होती. मग फटीतून आला असणार. फट शोधली नाही.
हरले. यंत्र जुनं झालंय.

१५ जानेवारी
जावयांचा फोन. आई, ते हात हलवायचं तंत्र आता मागे पडलं, त्यात फटका नेमका बसत नाही. गेमपॅडवालं नवं मशीन आणतो, जुनं द्या. मी विचारलं, खांद्याचं काय? म्हणाले, त्याला फिजिओ आहे. कोटाचं मी मुलीला बोलून गेले होते; ती मागून ओरडली, कोटही देऊन टाक, मग बघू कुणाशी भांडतेस ते!
शेवटी ठरलं असं. रविवारी त्यांच्यासमोर खेळायचं. माझ्या डोक्यात कुणी दुसरं नाही हे दिसलं, तर जुनं मशीन इथेच राहील. अगदी सोपं आहे.

१८ जानेवारी, रविवार
पंखा बंद. खिडक्या बंद. थंडी वाजते म्हणून मुलीने कोट स्टँडवरून काढून स्वतःच घातला. पडद्यावर मी एकटी, पलीकडून यंत्रच खेळलं. जावई म्हणाले, वा, आई जिंकल्या!
तेवढ्यात, थांब, मीही येते, म्हणून मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. प्लेयर टू आला. तिने पहिलाच फटका उडी मारून, आडवातिडवा हाणला.
"अहो, मनगट!"
पडद्यावर चेंडू टपटपत लांब गेला. मुलगी हळूच म्हणाली, आई, बाबा नाहीत गं इथे. मी म्हटलं, ठाऊक आहे, मी यंत्राला म्हणाले. ती म्हणाली, पण बघत माझ्याकडे होतीस.
यावर मी पाणी आणायला आत गेले. बराच वेळ लागला. ग्लास सापडेना.

१८ जानेवारी, संध्याकाळी
मिळालं: नवं मशीन, गेमपॅड एक. दुसरा आणू का, असं जावयांनी विचारलं. कशाला, म्हटलं.
जावयांना दिलं: जुनं मशीन, कॅमेरा, वायर.
मुलीला दिला: कोट. तिने तो अंगातून काढलाच नव्हता. तरी दिला, असंच लिहिते.