मागं घाम, पुढं शाल

१६ एप्रिल, बुधवार

पुण्याची मंडळी आज गाडी परत देऊन गेली. चावी हातात ठेवताना त्यांच्यातल्या बाई म्हणाल्या, "सगळं छान हो, पण एसीचं बघा काहीतरी. मागं झोपलेल्यांना घाम आणि पुढं बसलेल्यांना शाल!" हसत म्हणाल्या, पण मला लागलं. मागच्या महिन्यातही एकांनी हेच सांगितलं होतं.

गाडी म्हणजे जुनी बारा सीटची. माझा नवरा अजित नसरापूरजवळ वर्कशॉपमध्ये फॅब्रिकेशन करतो, त्यानं सगळ्या सीट काढून तिचं घर केलं — मागं पलंग, मधे ओटा, हात धुवायला छोटं बेसिन. तोरणा-राजगडला येणारे लोक ती घेऊन वेल्ह्याला जातात आणि तिच्यातच मुक्काम करतात. एसी एकच, छतात मधोमध. तिथून एक पाइप प्लायवूडच्या छताआडून पुढं जातो, एक मागं. पलंगाच्या वर लांबट जाळी आहे, तिच्यातून गार हवा यायला पाहिजे. येते ती फुंकर.

खरं सांगायचं तर गिऱ्हाइकांसाठी नाही लागलं. आबांसाठी, माझ्या वडिलांसाठी लागलं. गेल्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीत आबा उन्हात पडले. आठवडाभर दवाखान्यात होते. तेव्हापासून डॉक्टरांचं एकच, "यांच्या अंगाला गरम झालेलं कळतच नाही आता. तुम्हीच लक्ष ठेवा." आणि अक्काबाई आत्या तिकडं करमाळ्याला अंथरुणावर. आबांची एकुलती एक बहीण. फोन केला की तिचं एकच वाक्य, "कोंडिबाला आणा गं एकदा."

आमच्या गाडीतून नेता येईल. आबांना पलंगावर आडवं होता येईल. पण मे महिन्यात, करमाळ्याला! रात्री निघावं तर समोरच्या गाड्यांच्या दिव्यांनी मला काही दिसत नाही, आणि अजितला सलग सुट्टी मिळत नाही. म्हणजे दिवसाच. डॉक्टर म्हणाले, "मागं सत्तावीसच्या आत राहत असेल तर न्या. नाहीतर मी हो म्हणणार नाही." अजितनं ते वाक्य पक्कं धरून ठेवलंय. आधी गाडी तपासायची, सत्तावीसच्या आत आलं तरच जायचं.

आबांना ही अट सांगितली नाही. उगाच जिवाला घोर. "गाडीची चाचणी घेतोय," एवढंच सांगितलं.

१८ एप्रिल

लहानपणी मी टेबलफॅन खोलला होता आणि आईचा मार खाल्ला होता. आज एसीची जाळी खोलली तर मारायला कोणी नाही — आई असती तर आजही म्हणाली असती, "झालं हिचं सुरू."

जाळीवर बोटभर लव! गोधड्यांची, टॉवेलांची, कुणाच्या तरी कुत्र्याची. धुतली, वाळवली, बसवली. हवा वाढली, पण पुढं. मागं फुंकरीची मोठी फुंकर झाली इतकंच.

हवा जाते कुठं? एसीतून निघते हे नक्की. पोचत नाही हेही नक्की. मग मधे कुठं उतरते?

२० एप्रिल, रविवार

सापडलं!

हवा दिसत नाही, पण धूर दिसतो. वंदनेच्या अगरबत्त्यांतल्या दोन घेतल्या आणि गाडीची दारं लावून एसी चालू केला. आबा दारातून बघत होते. "बुद्धांम्होरची उदबत्ती गाडीला ओवाळतीस व्हय?" म्हटलं, "गाडीला नाही आबा, हवेला." त्यांना ते पटलं नाही, पण बघत उभे राहिले.

धूर मागं गेलाच नाही. एसीच्या तोंडाशीच प्लायवूड आणि छत यांच्यात फट आहे, तिच्यात गेला आणि वळून पुन्हा एसीतच! एसी ज्या जाळीतून गाडीतली हवा ओढतो, तिच्यातून आपलीच गार हवा परत पितोय. बिचारा दिवसभर स्वतःलाच गार करत बसलाय.

आता हे अजितला सांगायचं कसं? छत त्यानं बसवलेलं. आपलेच दात, आपलेच ओठ. जेवण झाल्यावर सांगितलं. आधी म्हणाला, "फट असूच शकत नाही." मग टॉर्च घेऊन गेला. बऱ्याच वेळानं आला आणि म्हणाला, "कपाटाच्या वर पाइप पण चेपलाय." एवढंच. म्हणजे कबूल!

२३ एप्रिल

दोन संध्याकाळी काम चाललं. छत उतरवलं. फटीत फोमच्या पट्ट्या ठोकल्या, सगळे सांधे चंदेरी टेपनं बंद केले, चेपलेला पाइप बदलला आणि सरळ नेला. अजित वर, मी खालून टेप फाडून देणार. नवराबायकोनं एकत्र करायची कामं कमी उरलीत, त्यातलं हे एक. भांडण फक्त एकदाच झालं, तेही कात्रीवरून.

मागच्या जाळीला कागदाची पट्टी बांधली. आधी ती मेल्यासारखी लोंबायची. आता फडफडते! दुपारच्या उन्हात अंगणात इंजिन चालू ठेवून पलंगापाशी थर्मामीटर टांगला. पंचवीस. मी पलंगावर आडवी पडले आणि चक्क हसले.

२४ एप्रिल, गुरुवार

आज आबांना घेऊन वेल्ह्यापर्यंत चाचणी. आबा मागं पलंगावर, थर्मामीटर त्यांच्या डोक्याशी, मी गाडीवर. नसरापूर गेलं, मार्गासनीला थांबले, मागं जाऊन बघितलं.

एकतीस.

आबांच्या कपाळावर घाम. "गरम होतंय का आबा?" "छ्या, मला कुटं?" त्यांना कळणार नाही, डॉक्टर म्हणालेच होते. जाळीपाशी हात धरला, हवा जोरात येत होती! आम्ही चहा घेईपर्यंत पारा उतरायलाही लागला. उभी गाडी गार आणि चालती गाडी गरम. असं कसं होईल? उलट चालताना इंजिन जास्त फिरतं, एसी जास्त चालायला हवा.

चहा पिताना म्हटलं, "आबा, पुढं बसता का माझ्याशेजारी?" तर मान हलवली. "ड्रायव्हरच्या बाजूला बसणाऱ्यानं झोपायचं न्हाई. त्यो झोपला की ड्रायव्हरलाबी पेंग येती. आन् मी पडलो गोळ्या खाणारा, मला डुलकी लागतीच." तीस वर्षं एसटी चालवली त्यांनी, त्यामुळं हे नियम देवाच्या शब्दासारखे. मग धोतर वर करून डाव्या पोटरीवरचा काळा डाग दाखवला. जुन्या गाड्यांत इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच असायचं, त्याच्या धगीचा. मला तो डाग लहानपणापासून माहीत आहे. मी त्याला आबांची एसटी म्हणायचे.

२७ एप्रिल, रविवार

दोन दिवस गाडी भाड्यानं गेली होती. आज परत आली. मी आधीच विचारलं, मागं कसं होतं? "एकदम गार! येताना पोरं मागं पांघरूण घेऊन झोपली."

येताना. म्हणजे चालत्या गाडीत!

मग मार्गासनीला काय झालं होतं? डोकं चक्रावलं.

२८ एप्रिल

आत्याच्या सुनेचा फोन. "जय भीम ताई. आत्याबाई कालपास्नं भाकरी नको म्हंत्यात. दूधच घेत्यात. दाराकडं बघत ऱ्हात्यात नुसत्या." आबांनी फोन घेतला, तर आत्याला नीट बोलताही येईना. आबा मोठ्यानं सांगत होते, "येतोय गं अक्का. शुभांगीनं गाडी गार केलीय. येतोय." फोन ठेवून खांद्यावरचा टॉवेल काढला आणि तोंड पुसत बसले. बराच वेळ पुसत होते.

मी आत गेले. मलाही रडू आलं. गाडी गार केलीय म्हणे!

२९ एप्रिल, मंगळवार

पुन्हा चाचणी, आबा मागं, मी गाडीवर, या वेळी हायवेनं शिवऱ्यापर्यंत आणि परत. उतरून बघते तर मागं बत्तीस. सहज थर्मामीटर पुढं आणून टांगला तर तेवीस! माझे गुडघे गारठलेत हे तेव्हा लक्षात आलं. दुरुस्तीआधी पुढं इतकं गार कधीच नव्हतं. म्हणजे हवा भरपूर आहे. मागं न जाता पुढं वळतेय, एवढंच. पण कशानं?

खिडक्यांची रबरं तपासली. मागच्या दाराची फट तपासली. चालत्या गाडीत बाहेरचं वारं आत शिरत असेल म्हणून तिथंही टेप मारला. आबा टॉवेल मांडीवर घेऊन शांत बसले होते. माझी धावपळ बघून म्हणाले, "किती त्या हवेच्या मागं लागतीस? गाडी चांगली पळतीय की."

१ मे, गुरुवार

अजितला सुट्टी. आज तो गाडीवर, मी मागं आबांशेजारी. स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं ठरवलं होतं. त्याच रस्त्यानं मार्गासनीपर्यंत.

पंचवीस. सगळा रस्ता पंचवीस! कागदाची पट्टी फडफडत होती, मला शिंक आली, आबांनी पायावर चादर ओढून घेतली.

अजित गाडीतून उतरला तो मिशीतल्या मिशीत हसत. "मी चालवतो तेव्हा गार, तू चालवतेस तेव्हा गरम. गाडीला बाई ड्रायव्हर मानवत नाही गं." असा राग आला! पण रागावून करू काय? आकडे त्याच्या बाजूनं आहेत.

आबा हसले नाहीत. म्हणाले, "जावई, पोरगी तुमच्यापेक्षा चांगली चालवती. गिअर टाकलेला कळत न्हाई तिचा."

२ मे, शुक्रवार

अजित कसा चालवतो याचा विचार करत बसले. तो गिअर उशिरा बदलतो. इंजिन जास्त फिरवतो. त्याचा हवेच्या वाटेशी काय संबंध? काहीही नाही. तरी सकाळी एकटीच निघाले आणि नसरापूरपर्यंत अगदी त्याच्यासारखी चालवून बघितली, आदळत आपटत. मागं सव्वीस. मग येताना माझ्यासारखी चालवली. सव्वीसच! म्हणजे चालवण्याचाही दोष नाही. मी एकटी असले की गाडी शहाणी.

कोणता भाग असा असेल जो कधी अडतो, कधी अडत नाही? छतात उंदीर शिरला असेल का, इथपर्यंत माझं डोकं गेलं. छत पुन्हा उतरवू म्हटलं तर अजित म्हणाला, "बास आता." आवाज चढवला नाही त्यानं. म्हणाला, "तू खूप केलंस. पण मामा मागं झोपलेत आणि मधेच ते बत्तीस झालं तर? टेंभुर्णीच्या माळावर कुठं नेणार त्यांना? हौस म्हणून जीव धोक्यात घालायचा नाही."

खरं आहे त्याचं. हौस नाही ही, हे त्यालाही माहीत आहे. पण खरं आहे.

उद्या शेवटची चाचणी. आबा मागं, मी गाडीवर, भर दुपारी. सत्तावीसच्या वर गेलं तर करमाळ्याला फोन करून सांगायचं, येत नाही म्हणून. तो फोन मी कसा करणार? आबांना काय सांगणार?

३ मे, शनिवार

मार्गासनी. बत्तीस.

मी गाडीच्या पायरीवर बसले आणि रडू कोसळलं. आबा लगबगीनं पलंगावरून उठून आले, स्वतः घामानं निथळत. "काय झालं पोरी?" तोंड पुसायला मी त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला.

बर्फासारखा गार होता.

टॉवेलाकडं बघितलं. जाळीकडं बघितलं. जाळीच्या पट्ट्यांत त्याचा एक दोरा अडकून फडफडत होता. आबा चोरी पकडल्यासारखे उभे. "मी काय, मागं झोपूनच जायाचा. गाडी तू हाकतीस. उनानं ड्रायव्हरला झापड येती, मला ठावं हाय. म्हनून तिकडचं तोंड बुजवलं की समदी हवा तुझ्याकडं यिती. तू थांबलीस की काढतो."

मग मी त्यांना अट सांगितली. सत्तावीसची. पहिल्यांदाच. ते खाली बसले. म्हणाले, "आधी सांगायचं की गं."

सकाळी लवकर निघतोय. पुढच्या डाव्या काचेला पडदा लावलाय. अजितला फोन झाला, तोही हो म्हणाला. मागचं तोंड त्याच टॉवेलनं बुजवायचं आणि आबा पुढं बसणार, माझ्या शेजारी, तेवीसमध्ये. ड्रायव्हरच्या बाजूला बसणाऱ्यानं झोपायचं नाही, हा नियम एसटीचा. गाडी माझी आहे. झोपू देत.