इराचं एक बटण

गुरुवार, नोव्हेंबर २००६, हॅरो

कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं. इराला शाळेत मदतनीस मिळणार नाही, कारण ती म्हणे बटणं स्वतः लावते. हे त्यांना कुणी सांगितलं? मीच! त्यांच्या बाई तपासणीला घरी आल्या, तेव्हा मी घर आवरलं, इराला नवा फ्रॉक घातला आणि पाहुण्यांसमोर करतात तसं पोरीचं कौतुक केलं. आठ वर्षांत तिनं एकच बटण लावलंय, दिवाळीत.

इराचा बाबा, निखिल, चिडला. "अगं, खरं सांगायचंस ना!" परक्या बाईसमोर? कसं सांगायचं?

आता अपील लिहितेय. बोलत नाही, बटण लावता येत नाही, एकटीला काहीच जमत नाही. इरा शेजारीच बसलीय, कागदाकडे बघत. तिला वाचता येत नाही याचं आज पहिल्यांदा बरं वाटलं.