वितळलेले रक्तनमुने उद्घाटनात न मांडण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
विज्ञान व तंत्रज्ञान गुंतवणूक विभाग

विषय : ज्वर-संशोधन प्रयोगशाळेतील निकामी नमुने नव्या मध्यवर्ती नमुनेकोशाच्या उद्घाटनातून वगळणेबाबत.
संदर्भ : नमुने पाठवण्याचा आपला आदेश.

महोदय,

१. अर्जदार ही रुग्णालयाच्या तळमजल्यावरील ज्वर-संशोधन प्रयोगशाळेची प्रमुख आहे. तापाच्या साथीत दगावलेल्या मुलांच्या रक्ताचे नमुने तिने स्वतः गावोगाव हिंडून जमवले. परदेशातली चालून आलेली नोकरी तिने या नमुन्यांपायी सोडली. थोरले बंधू त्यावरून अजून तिच्याशी धड बोलत नाहीत. या तापावरची लस त्यांतूनच निघेल, अशी तिची खात्री होती.

२. गेल्या उन्हाळ्यात डीप फ्रीझरचा कॉम्प्रेसर बिघडला. दुरुस्तीची मागणी केली असता, नव्या धोरणानुसार गुंतवणूक फक्त नव्या यंत्रांत होते, दुरुस्ती हा निव्वळ खर्च आहे, असे कळवण्यात आले. म्हणून नवा फ्रीझर मागितला. जुना पुरता बंद पडल्याखेरीज नवा मंजूर होत नाही, असे उत्तर आले. दरम्यान प्रयोगशाळेच्या मदतनीस मावशी कारखान्यातून हातगाडीवर बर्फाच्या लाद्या आणत होत्या, फ्रीझरला पोती गुंडाळत होत्या. अखेर तो बंद पडला आणि नमुने नासले. तसे कळवताच आपल्या कार्यालयातील साहेब म्हणाले, "आता नमुनेच नाहीत, तर फ्रीझर कशाला हवा, बाई?"

३. आता तेच नमुने नमुनेकोशाच्या उद्घाटनात काचेच्या कपाटात, पाहुण्या गुंतवणूकदारांसमोर मांडायचे आहेत. त्यांत कामाचे काही उरले नसल्याचे अर्जदाराने समक्ष येऊन सांगितले. त्यावर, "पाहुणे काय कुप्या उघडून बघणार आहेत?" असे ऐकवण्यात आले.

४. आदेश कळल्यावर मावशींनी विचारले, "आमचा नातूही त्यातच आहे ना हो, ताई? त्याला नका ठेवू तिथं." नातू गेला त्या दिवशी, याच्या रक्तामुळे दुसरी पोरं वाचतील, असे सांगून अर्जदारानेच त्यांची संमती घेतली होती.

५. सबब, नमुने मांडू नयेत ही विनंती. ती मान्य होईल, अशी अर्जदारास आशा नाही. गाडी उद्या सकाळी येणार आहे आणि खोकी बांधून तयार आहेत. मात्र नातवाची कुपी निर्जंतुक करून मावशींच्या हवाली केली आहे. मोजणीत एक कुपी कमी भरेल. त्याचा जाब अर्जदारास विचारावा, मावशींना विचारू नये.

आपल्या आदेशाधीन,
(सही)
प्रमुख, ज्वर-संशोधन प्रयोगशाळा
दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे