गंमतगावात आम्ही हरवलो त्याची हकीकत

लातूर, रविवार, सकाळची चहाची वेळ

प्रिय मित्र शेषेराव यास,

उदगीरच्या (आता लातूरवासी) गुरुबसप्पाचा शरणार्थ आणि रामराम, दोन्ही. साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण तुझ्या छातीला टाके आणि माझ्या कमरेला पट्टा. तेव्हा आठ अंगांपैकी जेवढी सध्या धड असतील तेवढ्यांचा नमस्कार गोड मानून घे. सिंधुवहिनींना नमस्कार, उज्वलासूनबाईला आशीर्वाद. तुझी तब्येत विचारत नाही, कारण फोनवर विचारली की तू "हाव, बरंय" म्हणतोस आणि फोन सुनेच्या हातात देतोस. मग ती बिचारी हळू आवाजात सांगते, की ऑपरेशनची जखम कधीच भरली, डॉक्टरांनी रोज फिरायला सांगितलंय, पण मामा खाटेवरून उठत नाहीत, भिंतीकडं तोंड करून पडतात आणि म्हणतात, आता काय राहिलंय. (उमरीच्या भिंतीत बघण्यासारखं काय आहे मला माहीत नाही. कॉलेजात असताना नांदेडच्या खोलीत तू माझ्याशेजारी झोपायचास, तेव्हाही भिंतीकडंच तोंड करायचास, पण ते माझ्या घोरण्यामुळं.) म्हणून पत्र लिहायला बसलो. पत्राला नुसतं "हाव" म्हणून भागत नाही, ते शेवटपर्यंत वाचावं लागतं.

आमचं म्हणशील तर बरं चाललंय. उदगीरचं कापडाचं दुकान पुतण्या मल्लिनाथच्या हवाली करून आम्ही दोघं नवरा-बायको इकडं सोमेशकडं आलो ते तुला ठाऊकच आहे. पोरगा चांगला, सून मंजुश्री त्याहून चांगली, नात शिवानी तर काय, साखरच. दोष एकच. काळजी लई करतात. एकदा पार्वतम्मा गॅसवर दूध ठेवून गच्चीत ढग बघायला गेली आणि दुधाबरोबर पातेलंही गेलं. तेव्हापासून आम्हाला घरात एकटं ठेवत नाहीत. आणि खरं सांगू का, मला पातेल्याचं काही वाटलं नाही, ढगांचं वाटलं. उदगीरला हिच्या बोलण्यापुढं दुकानातलं गिऱ्हाईक भाव विसरायचं. लातूरला आल्यापासून बाईची वाचाच बसली. सकाळी "चहा ठेवू का", रात्री "दिवा मालवू का", एवढ्यावर दिवस काढू लागली. मी भांडण उकरून काढून बघितलं, तर ती माझंच खरं म्हणाली. शेषेराव, इतक्या वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदा घाबरलो.

अशात सुट्टी आली आणि शिवानीनं गंमतगावचा हट्ट धरला. अहमदपूरच्या पुढं नांदेड रस्त्याला माळावर ते मोठं पार्क झालंय, तू एसटीतून पाहिलं असशील. लांबून आधी त्याचा पाळणा दिसतो, मग एवढासा किल्ला, आणि मग कळतं की किल्ला एवढासा नाही, आपण लांब आहोत. आम्हाला अर्थातच पातेल्याच्या कारणानं बरोबर घेतलं. आत गेल्यावर सोमेशनं आम्हाला एका सिमेंटच्या हत्तीच्या सावलीत बाकावर बसवलं, समोर पिशव्या मांडल्या आणि म्हणाला, "अप्पा, हितंच बसा. सामानावर ध्यान ठिवा." आणि बाजूच्या बाकावर बसलेल्या बाईंना म्हणाला, "मावशी, यांच्यावर जरा ध्यान ठिवा." म्हणजे सामानावर आम्ही आणि आमच्यावर मावशी. (मावशींचं नाव नीलाबाई, धर्माबादच्या. त्यांच्यावर कोण ध्यान ठेवत होतं ते मात्र कळलं नाही, कारण त्या बसल्या बसल्या झोपत होत्या.)

समोर एक प्रकार होता. माणसांना खुर्चीला आवळून बांधायचं, आकाशात न्यायचं आणि सोडून द्यायचं. माणसं आई गं म्हणून ओरडत खाली येत आणि खाली आली की हसत पुन्हा रांगेत लागत. आपल्या पिढीनं आई गं म्हणायला कधी रांग लावली नाही, जागच्या जागीच सोय होती. त्या यंत्राजवळ पाटी होती, ती मी उठून वाचून आलो. हृदयविकार, रक्तदाब, मणक्याचा त्रास, चक्कर, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया आणि गर्भारपण असलेल्यांनी बसू नये. मी येऊन हिला म्हणालो, गर्भारपण सोडून बाकी सगळी यादी आपल्या दोघांत मिळून भरते. आणि काय सांगू, ही हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत हसली. किती दिवसांनी! मी दुसरा विनोद शोधायला लागलो तर सापडेना, नेहमीचंच आहे.

तेवढ्यात झाडांमागून एक बारकी रेल्वे शीळ घालत गेली. ही उठली. चपला घातल्या, नीलाबाईंना हलवून "आक्का, आमच्या पिशव्या बघा हं" म्हणाली आणि चालायला लागली. मी म्हणालो, अगं सोमेशनं हितंच बसायला सांगितलंय. तर मागं वळून म्हणाली, "सोमेशला मी जन्म दिलाय, त्यानं मला न्हाई." गेल्या कित्येक महिन्यांतलं ते तिचं सगळ्यात लांब वाक्य होतं. मी मुकाट मागं निघालो.

रेल्वे अशी, की चालता माणूस तिला मागं टाकील. बांबूच्या बनातून गेली, सिमेंटच्या वाघापाशी गेली (वाघाचा रंग उडून तो आता पुष्कळसा शेळीसारखा दिसतो आणि त्याला ते मान्य असावं असा त्याचा चेहरा आहे), मग एका धबधब्याच्या अंगानं गेली. धबधब्याचे तुषार बारीक बारीक येत होते. हिनं चष्मा काढला, तोंड वर केलं आणि डोळे मिटून घेतले. आजूबाजूला सगळीकडं आरोळ्या चालल्या होत्या, पण त्या गाडीत बसल्यावर त्या दुसऱ्या गावच्या जत्रेतून आल्यासारख्या लांबून ऐकू येत. मला वाटलं, माणसाचं वय झालं म्हणजे बहुतेक हेच होतं. जत्रा तीच असते, आपली गाडी जरा हळू झालेली असते. आणि हळू झाली म्हणूनच तर तुषार अंगावर येतात, नाही का? (तत्त्वज्ञान पुरे. तू जांभई दिलीस ते मला इथं कळलं.)

रेल्वेतून उतरलो तर पुढं नदी. म्हणजे सिमेंटचीच, गुडघाभर पाण्याची, पण नदीसारखी वळणं घेत एका डोंगराच्या पोटात शिरलेली. हंसाच्या आकाराच्या बोटी आपोआप वाहत आत जातात आणि कुठूनतरी फिरून परत येतात. वल्हवायचं नाही, काही धरायचं नाही. तिथल्या पाटीवर एकाही रोगाचं नाव नव्हतं. आम्ही बसलो. आत गेल्याबरोबर उन्हाचं नाव नाही, गार अंधार आणि वर छतभर बारीक दिव्यांचे तारे. काठावर पुठ्ठ्याची झोपलेली गावं होती, खिडक्यांत पिवळा उजेड. एक चंद्र तारेवरून हळूहळू आमच्या बरोबर येत होता, मधेच अडकायचा, झटका बसला की पुन्हा निघायचा. सगळं खोटं आहे हे दिसत होतं, शेषेराव, आणि तरी मी आवाज खाली आणून बोलू लागलो, गावं जागी होतील म्हणून.

आणि मग लाईट गेली. मराठवाड्यात चंद्रालाही लोडशेडिंग चुकत नाही. बोट होती तिथं थांबली. काळाकुट्ट अंधार. आमच्या मागच्या बोटीत कुणी ग्यानोबा म्हणून होते, त्यांची बायको म्हणाली, "लाईट गेली वाटतं." ग्यानोबा ठासून म्हणाले, "गेली न्हाई, मुद्दाम घालवलीय. तिकिटातच हाय हे." मी उठून हाक मारणार, तोच हिनं माझा दंड धरला. "सुम्ने कूडरी," म्हणाली. (गप बसा. रागाला तिला कानडीच लागते, पण या वेळी राग नव्हता.) मग मला पाण्याचा आवाज ऐकू आला. तिनं बोटीबाहेर हात सोडून पाण्यात बुडवला होता.

आणि ती बोलायला लागली. अंधारात, कुणाशी तरी दुसऱ्याशीच बोलावं तसं. म्हणाली, लातूरला तिला काही दुखत नाही, पण सकाळी उठल्यावर आपल्यावाचून काही अडलेलं नसतं, आणि अडलेलं नसलं की बोलायचं काय ते सुचत नाही. म्हणाली, लग्न झाल्यावर माहूरला गेलो तेव्हा सगळं घरदार बरोबर होतं, मी पुढं पुरुषांत आणि ती मागं बायकांत, डोंगर चढून उतरलो तरी एक शब्द बोलणं झालं नव्हतं. "आज पहिल्यांदाच आपण दोघंच कुठंतरी आलाव," म्हणाली. मी म्हणालो, कुठं आलो ते तरी दिसू दे. तर म्हणाली, "दिसायला कशाला पायजे?" मग ती गुणगुणायला लागली. जात्यावरची ओवी होती, माझ्या आईची. मला ती तिला येते हे माहीत नव्हतं. मागच्या बोटीतून ग्यानोबा बायकोला म्हणाले, "बघ, गाणं लावलं. म्हणलं नव्हतं?"

बोटीचा माणूस पाण्यातून चालत बॅटरी घेऊन आला. चला, हाताला धरून बाहेर काढतो म्हणाला. ही म्हणाली, "आम्हाला घाई न्हाई, बाबा." त्याला असं उत्तर कुणी दिलं नसावं, तो बॅटरी घेऊन मागच्या बोटीकडं वळला.

इकडं वर काय घडत होतं ते नंतर कळलं. सोमेश, मंजुश्री आणि शिवानी मोठ्या पाळण्यात अगदी टोकाला अडकले होते. जनरेटर सुरू झाल्यावर खाली आले, सोमेशला उलटी झाली, तसेच बाकापाशी धावले, तर पिशव्या आहेत आणि आम्ही नाही. नीलाबाईंना उठवलं. त्या अर्धवट झोपेत म्हणाल्या, "ते दोघं व्हय? ते गेले की पाण्याकडं." (त्यांनी आम्हाला रेल्वेतून उतरून नदीकडं वळताना लांबून पाहिलं होतं, एवढंच.) मंजुश्रीनं तिथंच बसकण मारून रडायला सुरुवात केली.

आमच्या डोंगरात तेवढ्यात तारे पुन्हा लागले, चंद्रानं झटका घेतला आणि बोट निघाली. आणि कर्ण्यातून आवाज आला. पार्कच्या कार्यालयात हरवलेल्या मुलांसाठी एक मजकूर ठरलेला असावा, त्यात त्यांनी फक्त आमची नावं घातली होती. "गुरुबसप्पा आणि पार्वतम्मा हे हरवले आहेत. गुरुबसप्पाच्या अंगात निळा सदरा आहे. कुणाला दिसल्यास त्यांना घाबरवू नये, खाऊ देऊन कार्यालयात आणावे." ऐकून आम्ही एकमेकांकडं बघितलं. बोट उतरायच्या जागेला लागली, माणसानं हात पुढं केला. ही म्हणाली, "आणखी एक फेरी."

मी तिला अडवायला पाहिजे होतं, पोरं घाबरली असणार हे मला समजत होतं. पण मी काठावरच्या माणसाला म्हणालो, आम्ही सापडलो असं कार्यालयात कळव, आणि पाय पुन्हा आत घेतला. तो निरोप पोचायला वेळ लागला. तोवर आम्ही ताऱ्यांखालून वाहत होतो आणि बाहेर सगळ्या माळावर आमच्या नावाची हाक फिरत होती. मला आयुष्यात इतकं कुणी शोधलं नव्हतं. वाटलं, नाव तिकडं हाका ऐकत राहू दे, आपण जरा बिननावाचं असावं. ही माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती. (हे सिंधुवहिनींना वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव.)

बाहेर आलो तेव्हा सोमेश मला बोलला. मी त्याला लहानपणी उदगीरच्या जत्रेत बोललो असेन तसाच, बोट नाचवून. मी मान खाली घालून ऐकलं. पार्वतम्मानं त्याला थांबवलं नाही, मंजुश्रीला जवळ घेऊन म्हणाली, "आम्ही पाण्यावर होताव, पाण्यात न्हाई." परतीला शिवानीनं गाडीपर्यंत माझा हात सोडला नाही. आणि त्या दिवसापासून घरात ही बोलून राहिली! दूधवाल्याशी, शेजारणीशी, पातेल्याशी. काल माझ्याशी भांडली. मी हरलो आणि सुखानं झोपलो.

तर अशी हकीकत. छातीला जप, औषध चुकवू नकोस, आणि त्या भिंतीला माझा नमस्कार सांगून जरा दाराकडं तोंड कर.

तुझाच, सदऱ्याशिवायही ओळखू येईल असा,
गुरुबसप्पा

ता.क. : एक काम होतं. सोमेशनं आम्हाला पुन्हा गंमतगावला न्यायचं नाही असं ठरवलंय. तू त्याला फोन करून सांग, की उमरीला तुझ्याकडं काहीतरी कार्य आहे आणि आम्ही दोघांनी आलंच पाहिजे. आम्ही नांदेडची एसटी धरू आणि मधेच उतरू.

आणखी ता.क. : तुला खोटं बोलता येत नाही, कॉलेजात प्राध्यापकांपुढं कान लाल व्हायचे तुझे. तेव्हा तूही वहिनींना घेऊन तिथंच ये, म्हणजे ते निम्मं तरी खरं होईल.

भाऊजींना पार्वतम्माचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून लिहिते. कार्य-बिर्य काही सांगू नका, मी मंजुश्रीला सगळं सांगून टाकलंय. ती म्हणाली, जावा अव्वा, मीच पोचवते. तुमचा आवाज फोनवर ऐकल्यापासून यांना घास जात न्हाई. हे पत्र कितींदा लिहून फाडलं, तुम्हाला नुसतं या म्हणायची लाज वाटते म्हणून एवढं लांबण लावलं. त्या बोटीत चौघांची जागा असते, भाऊजी. दोघंच बसलं की ती एका अंगाला कलती. तुम्ही दोघं समोर बसा, म्हणजे नीट चालंल.