आधी मेन, मग हात

मंगळवार, ४ मार्च

काका गेले. सख्खे नव्हेत, बाबांचे भागीदार. पण मला मोटरचं वाइंडिंग शिकवलं ते त्यांनीच. दुपारी मी जेवून वर्कशॉपला परत निघाले, कोपऱ्यावर व्हार्निशचा डबा घेतलेले बाबा भेटले. दोघं आत गेलो. काका टेस्टिंगच्या टेबलाखाली पडलेले, मुठीत वायर. बोटं काळी.

पुढचं लिहवत नाही.

बुधवार, ५

पोलीस पुन्हा आले. शेजारचा झेरॉक्सवाला त्यांना सांगून मोकळा झालाय — "पार्टनर मरून पडलाय, आणि हे पक्कड उचलून खिळ्याला अडकवतायत!" खरंय. मीही पाहिलं. बाबांनी काकांची नाडी बघितली, मग खाली पडलेली पक्कड जागेवर लावली. रडले नाहीत.

धाकटा भाऊ मलाच विचारतो, "ताई, असं कोण करतं?"

बाबा करतात! आई गेली त्या दिवशी दवाखान्यातून आल्या आल्या त्यांनी मोरीतला गळका नळ दुरुस्त केला होता. तेव्हा कोणी पोलीस बोलावले नाहीत.

गुरुवार, ६

काका समोरच्याच गाळ्यात वेगळं दुकान टाकणार होते. महिनाभर दोघांत अबोला. सगळ्या गल्लीला ठाऊक.

आत्या म्हणाली, "कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, दुसरं काय!"

भाऊ ताटावरून उठला. "पण कावळा तासभर होता कुठे, आत्या? व्हार्निश आणायला तासभर लागतो?"

मी खेकसले त्याच्यावर. सोमवारी माझा जबाब आहे. बाबांबरोबर आत शिरणारी मी एकटी. मी सांगेन त्यावर सगळं ठरणार.

शुक्रवार, ७

सापडलं! बाबा दारातून थेट धावले आणि दोन्ही हातांनी काकांना उचललं. मारणारा असा धावतो का? मीच उलट आधी टेबलाच्या मेन स्विचकडे पळाले. काकांनी माझ्याकडून घोकून घेतलेलं — "आधी मेन, मग हात. विसरलीस तर एकाची दोन मढी!" मी पोचायच्या आत बाबांनी हात लावलासुद्धा. तीस वर्षांत पहिल्यांदा विसरले बिचारे. एवढा जीव होता काकांवर. हेच सांगायचं सोमवारी. आज झोप लागेल.

शनिवार, ८

पोलिसांनी वर्कशॉपची किल्ली परत दिली. मी झाडायला गेले.

टेबलाचा मेन वेगळा आहे, कपाटामागे. दारातून दिसत नाही. जुना लोखंडी दांडा, आपोआप पडणाऱ्यातला नाही. का कोण जाणे, तो वर केला आणि परत खाली ओढला. ओढला कसला — दोन्ही हातांनी लोंबकळावं लागलं. केवढ्याने करकरला!

त्या दिवशी करकरला नव्हता.

त्या दिवशी मी नुसता हात लावला. तो खालीच होता, बंद.

काकांना शॉक लागला तेव्हा दांडा वर होता. मेलेला माणूस उठून मेन बंद करत नाही. आणि बाबा काही विसरले नव्हते. हात लावला तर काही होणार नाही, हे त्यांना दारातच ठाऊक होतं.

तीनदा साबण लावला. गंजाचा वास जात नाही.

रविवार, ९

बाबांनी आज माझ्या खोलीतला पंखा दुरुस्त केला. मी सांगितलं नव्हतं.

सोमवार, १०

जबाब दिला. "आधी मी दांडा खाली ओढला. मग बाबांनी हात लावला." सही केली. दार उघडं होतं, बाहेर बाकावर बाबा. ऐकलं त्यांनी. मी खोटं बोलले हे जगात दोघांनाच माहीत — मला आणि त्यांना.

घरी आलो. चपला काढता काढता बाबा म्हणाले, "उद्यापासून काकांच्या टेबलावर तू बस. मेन मी बघतो."