नानांच्या हातचं वरण

स्वराज,

काल फोनवर मी चुकीचं सांगितलं. तुम्ही सगळे मला बघायला आलात त्या दिवशी नानांनी वरणाला नुसती फोडणी दिली, असं मी म्हणाले. खरं तर तूरडाळ धुण्यापासून कोथिंबीर टाकेपर्यंत सगळं त्यांनीच केलं. आई गेल्यापासून आमच्या घरी रोजचा स्वयंपाक तेच करतात.

तुमच्या आई पुन्हा वाढून घेत म्हणाल्या, "पोरीच्या हाताला चव आहे हो!" पंचवटीच्या बाजारात मेथीच्या जुडीच्या भावावरून कुणाचंही न ऐकणारे माझे नाना खाली बघून म्हणाले, "हो, तिनंच केलंय." स्वतःच्या घरात माझ्या वडिलांना लाजावं लागलं, याचा संताप येतो. त्याहून जास्त तुमचा येतो. फोनवर फोडणीचं तेवढं ऐकूनही तुम्ही म्हणालात, "आईला सांगू नकोस. पुरुषमाणूस स्वयंपाक करतो म्हटल्यावर लोक हसतील." हसू देत. सोयरीक मोडली तरी हसू देत.

हे पत्र पाठवलं तर तुम्ही येणंच टाळाल, म्हणून पाठवत नाही. पण ठरलंय. साखरपुड्याचं बोलायला तुमची माणसं येतील तेव्हा वरण नानाच करतील, नानाच वाढतील, आणि ते कुणी केलंय हे तुमच्या आईंना मी सांगेन. रविवारी, अठरा तारखेला.

वेदिका